दोन माणसांची गाडी

आमच्या धाकट्या काकांकडे एक स्टँडर्ड हेरल्ड होती. स्तवनिधीला दर्शनाला निघालो की घाट चढून झाल्यावर काका गाडी झाडाखाली उभी करीत आणि पुढचे बॉनेट उघडीत. ते बॉनेट आजच्यासारखे वरचे झाकण नव्हते. मडगार्डे आणि दिवे यांच्यासकट गाडीचे अख्खे तोंडच पुढे कलंडत असे. मग काका पुढच्या चाकावर स्टुलावर बसावे तसे बसत आणि इंजिनाकडे नुसते बघत राहत. बिघडलेले काही नसायचे. आम्ही मुले दशम्या खात हा सोहळा पाहायचो. पुढे होमिओपॅथीचे शिक्षण घेताना, रोग्याला आधी नुसते नीट बघावे, असे गुरुजनांनी सांगितले तेव्हा मला काकाच आठवले.

हे सांगण्याचे कारण असे की, ब्रिटनच्या ज्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांबद्दल मी लिहिणार आहे, त्यांतली एक आमच्या त्या हेरल्डची सख्खी बहीण होती. ते कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. आम्हा जैनांच्या घरात अपरिग्रह हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो, त्यामुळे लोखंडी वस्तूवरच्या प्रेमाबद्दल लिहिताना थोडा संकोच होतो. दोन माणसे आणि एक पिशवी एवढ्यावर भागवणारी गाडी अपरिग्रहातच बसते, असे मी घरी सांगून पाहिले. पटले नाही.

आता मूळ कथेकडे येऊ. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस यांचे मॉरिस गॅरेजेस नावाचे गाड्या विकण्याचे व दुरुस्तीचे दुकान होते. 1922 मध्ये तिथे सेसिल किंबर हा व्यवस्थापक झाला. तरुणपणी मोटरसायकलच्या अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला होता आणि तो आयुष्यभर लंगडत चालला. मॉरिसच्या साध्या, घरगुती गाड्यांच्या सांगाड्यावर तो देखणी, हलकी बॉडी चढवून विकू लागला. दुकानाच्या नावातली दोन आद्याक्षरे, एम आणि जी, हेच पुढे गाडीचे नाव झाले. 1928 मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात त्याने एम.जी. मिजेट मांडली. इंजिन मॉरिस मायनरचे, 847 सी.सी., ताकद सुमारे 20 अश्वशक्ती. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली बॉडी. किंमत 175 पौंड. स्पोर्ट्स गाडी तोवर श्रीमंताच्या मुलाची चैन होती. ती आता नोकरदार तरुणाच्या आवाक्यात आली. पुढच्याच वर्षी कारखाना ॲबिंग्डन या टेम्सकाठच्या छोट्या गावी गेला.

या गाड्यांच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबतो. त्यांत खास स्पोर्ट्ससाठी बनवलेले असे फार थोडे होते. इंजिन, गिअर, स्टिअरिंग, ब्रेक हे सगळे शेजाऱ्याच्या चार माणसांच्या गाडीतले. कसब होते ते जुळणीत आणि वजन कमी ठेवण्यात. बसायची जागा इतकी खाली की दाराबाहेर हात सोडला तर जमीन हाताशी यावी. त्यामुळे ताशी 40 मैलांचा वेग 80 सारखा भासतो. आज आपल्या दारातल्या साध्या गाडीची ताकदसुद्धा यांच्याहून जास्त असते, पण तो भास तिच्यात नाही. मात्रा केवढी यापेक्षा ती कशी पोहोचते याला महत्त्व असते. हे मी व्यवसायाच्या अभिमानाने म्हणतो आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

किंबरचा शेवट चांगला झाला नाही. 1935 मध्ये एम.जी. मुख्य मॉरिस कंपनीच्या ताब्यात गेली, शर्यती बंद झाल्या आणि निर्णय दुसरीकडे होऊ लागले. युद्ध सुरू झाल्यावर ॲबिंग्डनला मोटारींचे काम उरले नाही, तेव्हा किंबरने वरिष्ठांना न विचारता विमानाच्या सुट्या भागांचे काम मिळवले. या कारणावरून 1941 मध्ये त्याला जायला सांगण्यात आले. 4 फेब्रुवारी 1945 रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून सुटलेली त्याची आगगाडी बोगद्यातल्या चढावर मागे घसरली. त्या अपघातात दोघे दगावले, त्यांतला एक किंबर. त्याच वर्षी, युद्ध संपल्यावर, एम.जी. टी.सी. बाजारात आली आणि ज्या कीर्तीचा तो धनी व्हायचा ती सुरू झाली.

टी.सी. ही खरे तर जुनाटच गाडी होती. ॲश झाडाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा, टांग्यासारखी उंच तारांची चाके, 1250 सी.सी.चे इंजिन. पण ब्रिटन कर्जात बुडालेले होते आणि सरकारला डॉलर हवे होते. जो कारखाना माल परदेशी पाठवील त्याला आधी पोलाद, असा तो काळ. म्हणून ही उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी अमेरिकेला गेली, जिथे सगळे जग रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. युद्धात इंग्लंडमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी अशा गाड्या पाहिल्या होत्या. 1949 पर्यंत सुमारे 10,000 टी.सी. बनल्या, त्यांतल्या जेमतेम 2,000 अमेरिकेत गेल्या. आख्यायिका आकड्यापेक्षा बरीच मोठी झाली, कारण त्या थोड्या गाड्यांभोवती तिकडची हौशी शर्यतींची दुनिया उभी राहिली. 1961 चा विश्वविजेता फिल हिल याने शर्यतींची सुरुवात टी.सी.वरच केली. पुढे 1955 ची एम.जी.ए. एक लाखाच्या थोडी वर बनली, आणि तिच्यातल्या बहुतेक गाड्यांनी मायदेशाचा रस्ता पाहिलाच नाही.

या एम.जी.ए.चे आपल्याशीही एक नाते आहे. तिचे सुरुवातीचे 1489 सी.सी.चे इंजिन आणि आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षे धडधडलेले 1489 सी.सी.चे इंजिन एकाच घराण्यातले. एकाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तरुण जोडपी फिरवली. दुसऱ्याने आपल्याकडे लग्नाची वऱ्हाडे, मंत्री आणि अडलेल्या बाळंतिणी वाहिल्या. कुणाचे आयुष्य अधिक सार्थकी लागले, ते वाचकांनी ठरवावे.

1958 ची ऑस्टिन-हीली स्प्राइट हीही अशीच काटकसरीतून जन्मली. दाराला बाहेरून कडी नाही, सामानाच्या जागेला मागून झाकण नाही. दिवे मिटता येतील अशी मूळ कल्पना होती, पण खर्च वाचवण्यासाठी ते वर तसेच बसवले आणि गाडीला बेडकाचे डोळे आले. लोक आजही तिला त्याच नावाने ओळखतात. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन तर सुट्या भागांत घरी येई, कारण स्वतः जोडलेल्या गाडीवर विक्रीकर नव्हता.

आता आमच्या हेरल्डच्या बहिणीकडे. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना 1953 मध्ये प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. मग हेरल्ड करताना कंपनीने बॉडीचे छोटे छोटे भाग ठिकठिकाणी करवून घेतले आणि ते वेगळ्या सांगाड्यावर बोल्टने जोडले. इतर कंपन्या सांगाडा सोडून देत असताना ही मागे जाणारी वाट होती. पण त्याचा एक फायदा झाला: खालचा सांगाडा आखूड करून वर दुसरीच बॉडी ठेवता येत होती. इटलीच्या मिकेलोत्ती यांनी, ज्यांनी हेरल्ड रेखाटली होती, तशी एक दोन माणसांची गाडी केलीही. पण कंपनी डबघाईला आली आणि तो नमुना कापडाखाली झाकून कोपऱ्यात पडला. 1961 मध्ये लेलँडने कंपनी घेतली, नव्या मालकांच्या माणसांनी कारखाना पाहताना ते कापड उचलले, आणि 1962 मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर बाजारात आली. तेच कलंडणारे तोंड, तेच चाकावर बसणे. 1961 पासून मद्रासमध्ये हेरल्ड बनू लागली. तिचाच हा गोतावळा.

शेवट मात्र सगळ्यांचा जवळजवळ एकदम झाला. रोग्याच्या मृत्यूचे एकच कारण लिहायची पद्धत असली तरी डॉक्टराला माहीत असते की कारणे अनेक असतात. अमेरिकेच्या नव्या नियमांसाठी 1974 मध्ये एम.जी.बी.ला रबराचे जाड बंपर लावले, ती दीड इंच उंच केली, धुराच्या नियमांसाठी इंजिनाचा गळा आवळला. पौंड महागला, तसा डॉलरमधला नफा आटला. कामगारांचे संपही झाले, पण ॲबिंग्डनवर तो दोष टाकणे अन्यायाचे होईल. तिथे गाड्या एका टप्प्यावरून दुसऱ्यावर हाताने ढकलत, आणि गावात वैर नव्हते. माझे निदान वेगळे आहे. 1962 मध्ये आलेली एम.जी.बी. अठरा वर्षे मुळात तीच राहिली. पाच लाखांहून अधिक खपल्या, आलेला पैसा त्या अवाढव्य कंपनीच्या दुसऱ्या खड्ड्यांत गेला. दुभत्या गाईला वैरण मिळाली नाही. सप्टेंबर 1979 मध्ये कारखान्याच्या पन्नास वर्षांनिमित्त गावात आठवडाभर उत्सव झाला, आणि उत्सव संपताच सोमवारी, 10 तारखेला, कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. लोकांनी मोर्चे काढले, काहींनी विकत घेण्याचा प्रयत्न केला. ऑक्टोबर 1980 मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. स्पिटफायरही त्याच वर्षी गेली.

मग 1989 मध्ये जपानच्या माझ्दाने हीच कल्पना उचलली, छत गळणार नाही आणि दिवे विझणार नाहीत अशी तजवीज केली, आणि जगात सर्वाधिक खपणारी दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी विकून दाखवली. याचा मला आनंद होतो आणि रागही येतो.

पण त्याआधी एक वर्ष, 1988 मध्ये, इंग्लंडमध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. एम.जी.बी.च्या बॉडीचे जुने साचे शोधून काढून, त्यांवर कोऱ्या बॉडी बनवायला पुन्हा सुरुवात झाली. कारखाना मेलेला, गाडी मात्र पत्र्यापासून नवी मिळू लागली. माल घेणारे होतेच. सगळे भाग साधे आणि उघडे असल्यामुळे हजारो मालकांनी त्या स्वतःच्या हातांनी जिवंत ठेवल्या होत्या.

आमची हेरल्ड तशी राहिली नाही. काका गेल्यावर ती वर्षभर अंगणात होती, मग भंगारात गेली. मी तेव्हा दवाखाना थाटण्याच्या गडबडीत होतो. आता बेळगावात, निपाणीत, शहापुरात कुणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली अशी एखादी उभी असेल, तर ती विकायच्या आधी एकदा मंडळाच्या कार्यालयात माझ्या नावे निरोप ठेवा. घेण्याची ऐपत नाही. चाकावर बसून बघून जाईन.