काडतुसांची हातभरणी

काडतुसांची हातभरणी : एकदा उडविलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत नवी टोपी, मोजलेली दारू व नवी गोळी बसवून ती पुन्हा उपयोगात आणण्याच्या क्रियेस हातभरणी म्हणतात. गोळीचे वजन, दारूचे माप आणि बंदुकीची नळी यांचा मेळ घालणे हा या कामाचा गाभा होय. हा मेळ घालण्याचे काम पूर्वी बंदूक चालविणाऱ्याकडे असे. एकोणिसाव्या शतकात ते कारखान्याकडे गेले आणि भारतात कायद्याने तेथेच राहिले. परभणी जिल्ह्याच्या परिसरात या स्थित्यंतराच्या बहुतेक अवस्था दिसून येतात.

तोडेदार व ठासणीच्या बंदुका : मराठेशाहीत आणि निजामाच्या मुलखात तोडेदार बंदूक दीर्घकाळ प्रचारात होती. तिच्या नळीत तोंडाकडून दारू ओतून, वर गोळी ठेवून ती गजाने ठासत. कानात रंजक भरून जळत्या तोड्याने बार काढीत. नळ्या हाताने घडविलेल्या असल्याने त्यांच्या अंतर्व्यासांत एकसारखेपणा नसे; म्हणून बंदुकीबरोबर तिच्या मापाचा गोळीचा साचा असणे सोयीचे ठरे. शिसे वितळवून गोळी पाडणे आणि तिच्या वजनाला साजेशी दारू मापाने घेणे हे बंदूकवाल्याचे नित्याचे काम होते. अर्थात येथे पुंगळी नसल्याने यास काटेकोर अर्थाने हातभरणी म्हणता येत नाही. पण तीमागील हिशेब तोच होता. गोळीच्या वजनावरून नळीचे माप सांगण्याची इंग्रजी पद्धत ‘बारा बोअर’ या आजच्या नावातही टिकून आहे : ज्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ती बारा बोअरची नळी.

हिंगोलीची छावणी : हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते, नंतर तो स्वतंत्र जिल्हा झाला. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेची, म्हणजे पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या दलाची, हिंगोली ही एक महत्त्वाची छावणी होती. १८१९ च्या जानेवारीत या फौजेने हाटकर नाईकांचा नोव्हा किल्ला वेढा घालून घेतला. किल्ल्यातील अरब शिबंदीचा भर तोडेदार बंदुकांवर होता, तर कवायती पलटणींच्या हाती चकमकीच्या बंदुका व कागदी काडतुसे होती. कागदी काडतुसात ठरावीक वजनाची गोळी व ठरावीक दारू आधीच बांधलेली असे. शिपायाने कागद फाडावा, दारू नळीत ओतावी आणि गोळी ठासावी, एवढेच काम उरले. माप ठरविण्याचा अधिकार येथून त्याच्या हातून सुटू लागला. या पद्धतीत बार लवकर भरता येई व पलटणीचा मारा एकसारखा होई. ज्याची बंदूक इतरांहून किंचित सैल वा घट्ट असे, त्याची मात्र गैरसोय झाली.

१८५३ च्या एनफील्ड रायफलीच्या नळीला आटे होते. तिचा अंतर्व्यास ०.५७७ इंच, गोळी ५३० ग्रेन (सु. ३४ ग्रॅ.) आणि दारू अडीच ड्रॅम होती. तिच्या वंगण लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्ये जे घडले ते सर्वश्रुत आहे. काडतूस तयार करणारा हात आणि ते दाताने तोडणारा शिपाई एकमेकांना अपरिचित झाले होते, हे त्या प्रकरणाचे एक अंग सहसा दुर्लक्षिले जाते. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी मागची हत्यारे देण्याचे धोरण आले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. कंटिन्जंट १९०३ मध्ये भारतीय लष्करात विलीन झाले आणि हिंगोलीची छावणी मोडली.

धातूची पुंगळी व टोपी : धातूच्या पुंगळीमुळे काडतूस प्रथमच पुन्हा भरण्याजोगे झाले. मात्र ते टोपीच्या रचनेवर अवलंबून असते. इंग्रज अधिकारी बॉक्सर याच्या पद्धतीत ऐरण टोपीतच असते व पुंगळीच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असते. त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज पाडता येते. अमेरिकन बर्डन याच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या तळाचा भाग असते व छिद्रे बाजूला असतात. त्यामुळे टोपी काढणे किचकट ठरते. गंमत अशी, की अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रूढ झाली, तर ब्रिटिश व भारतीय लष्करी काडतुसांत प्रामुख्याने बर्डनची. अमेरिकेत हातभरणी घराघरांत पोहोचली त्याचे हे एक कारण आहे. तेथे १८८० नंतरच्या दशकात आयडियल कंपनीची चिमट्यासारखी हत्यारे निघाली आणि १९४३ मध्ये आरसीबीएस या कंपनीने डाय व दाबयंत्रे बनविण्यास आरंभ केला. भारतीय सैन्यात याउलट रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेण्याची शिस्त राहिली.

डाय व गोळीचे वजन : बार उडताच पुंगळी दाबाने फुगून कोठीच्या भिंतीस टेकते. पहिली पोलादी डाय तिला मूळ मापावर आणते. दुसरी डाय तोंडात गोळी बसविते. दोन्ही डाय दाबयंत्रात आट्यांनी फिरवून योग्य उंचीवर आणतात व नट आवळून पक्क्या करतात. गोळी किती खोल जावी हे दुसऱ्या डायमधील वरखाली होणारा दांडा ठरवितो.

व्यास तोच ठेवून वजन वाढविले की गोळी लांब होते. काडतुसाची एकूण लांबी मात्र कोठी व खजिना यांनी बांधलेली असते. म्हणून वाढीव लांबी पुंगळीच्या आत शिरते व दारूसाठी उरलेली जागा घटते. जड गोळीला गती देण्यास अधिक वेळही लागतो. या दोन्ही कारणांनी दाब झपाट्याने चढतो. हलक्या गोळीसाठी ठरविलेले दारूचे माप जड गोळीमागे तसेच ठेवल्यास कोठी फुटण्याचा संभव असतो. याउलट हलकी, आखूड गोळी पुंगळीच्या गळ्यात पुरेशी धरली जाते की नाही, हे पहावे लागते. वजन सारखे असूनही डाय पुन्हा लावावी लागते, असेही घडते. कारण दांडा गोळीच्या टोकावर न टेकता तिच्या वक्र भागावर टेकतो आणि तो वक्र प्रत्येक घडणीत निराळा असतो.

लष्करी इतिहासात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. मार्टिनी-हेन्री रायफलीसाठी ४८० ग्रेनची गोळी व ८५ ग्रेन दारू होती. त्याच पुंगळीचे घोडदळाच्या आखूड कार्बाइनसाठी ४१० ग्रेन गोळी व ७० ग्रेन दारू असलेले काडतूस करावे लागले, कारण हलक्या हत्याराचा धक्का सोसवेना. पुढे ०.३०३ इंची रायफलीची २१५ ग्रेनची बोथट गोळी जाऊन १९१० मध्ये १७४ ग्रेनची टोकदार गोळी आली. तिचा वेग सेकंदास सुमारे २,०६० फुटांवरून २,४४० फुटांवर गेला व मार्ग अधिक सपाट झाला. परिणामी रायफलीवरील अंतराच्या खुणा निरुपयोगी ठरल्या. १९१४ च्या शरदात फ्रान्समध्ये उतरलेल्या भारतीय सैनिकांच्या रायफली मार्सेय बंदरात बदलाव्या लागल्या त्या यामुळेच. ज्या हत्याराशी ते वर्षानुवर्षे सरावले होते ते आघाडीवर जाण्याच्या तोंडावर काढून घेतले गेले.

कायदा : १८७८ च्या शस्त्रकायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सर्व भाग व ते बनविण्याची यंत्रे घातली, शिसे, गंधक आणि सोरा मात्र वगळले. सामग्री मोकळी आणि साधन बंद, अशी ही रचना होती. ब्रिटिश प्रशासनाखालील शेजारच्या वऱ्हाडात हा कायदा चाले. परभणी निजामाच्या राज्यात होते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५९ चा शस्त्र अधिनियम संपूर्ण भारताला लागू असून त्यातही दारूगोळा बनविण्याची यंत्रे दारूगोळ्यातच मोडतात. म्हणजे हातभरणीची डाय कायद्याच्या दृष्टीने काडतुसासारखीच परवान्याची वस्तू ठरते. ही तरतूद सामान्य परवानाधारकास जाचक वाटते खरी. पण चुकीच्या मापाने भरलेले काडतूस प्रथम ते उडविणाऱ्यालाच इजा करते, हेही विसरता येत नाही.

सद्यःस्थिती : महाराष्ट्रात लहान हत्यारांची काडतुसे मुख्यतः खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव (स्थापना १९६४) येथील कारखान्यांत होतात, १ ऑक्टोबर २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहेत. नागरी वापराच्या ०.३१५ इंची रायफलीची गोळी सुमारे २४४ ग्रेनची असते. वजनाची निवड वापरणाऱ्याकडे नसते. शेताच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक हाच हाताने माप घेण्याचा जुना प्रकार ग्रामीण भागात उरला आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा उपयोग संपल्याने बारा बोअरच्या पितळी पुंगळ्या घरी भरण्याची शिकाऱ्यांची रीतही मागे पडली. नेमबाजीच्या क्रीडाप्रकारांत वापरल्या जाणाऱ्या ०.२२ इंची काडतुसात स्फोटक द्रव्य पुंगळीच्या काठात असते, त्यामुळे ते पुन्हा भरताच येत नाही. हवेच्या रायफलीत तर दारूच नसते. तेथे नेमबाज आपल्या नळीला मानवणाऱ्या छर्ऱ्याचे डोके ४.४९ की ४.५० मिमी. असावे, एवढीच निवड करतो.