वॉल्मरचा किल्ला, वेलिंग्टनची खुर्ची आणि जालन्याची असई

१/८
इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, केंट परगण्यात, वॉल्मर नावाचा एक बुटका, गोल बुरुजांचा किल्ला आहे. त्यातील एका साध्या खोलीत एक पलंग आणि एक आरामखुर्ची जपून ठेवलेली आहे. १४ सप्टेंबर १८५२ रोजी ड्यूक ऑफ वेलिंग्टनने याच खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या प्राण सोडला. त्याच्या कीर्तीची सुरुवात मात्र जालना जिल्ह्यात झाली होती.

२/८
हा किल्ला आठव्या हेन्रीने १५३९-४० मध्ये बांधला. पोपशी संबंध तोडल्यामुळे युरोपातील कॅथलिक सत्ता चाल करून येतील, अशी त्याला भीती होती. तोफांचा मारा सोसता यावा म्हणून भिंती उंच न करता जाड केल्या. १७०८ पासून ‘लॉर्ड वॉर्डन ऑफ द सिंक पोर्ट्स’ या मानाच्या पदावरील व्यक्तीचे ते निवासस्थान झाले.

३/८
१८०३ साली येथे धाकटा विल्यम पिट राहत होता. पंतप्रधानपद सोडून दोन वर्षे झाली होती. समोरच्या किनाऱ्यावर नेपोलियन स्वारीची तयारी करत होता आणि पिट स्वयंसेवकांच्या पलटणी उभारत होता. त्याची भाची लेडी हेस्टर स्टॅनहोप त्याच वर्षी तेथे राहावयास आली. किल्ल्याच्या बागेला तिचा हात लागला.

४/८
त्याच सुमारास फ्रेंचांच्या भीतीचे निमित्त दख्खनमध्येही पुढे केले जात होते. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी फ्रेंच सेनानी पेराँच्या हाताखाली होत्या. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने युद्ध पुकारले; दख्खनमधील फौज त्याचा धाकटा भाऊ आर्थर याच्याकडे होती. हाच पुढचा वेलिंग्टन. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले. दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करावयाचा, असे ठरले.

५/८
२३ सप्टेंबरला शिंदे-भोसल्यांची फौज आर्थरला अपेक्षेपूर्वीच समोर दिसली. मधे केळणा नदी होती. वाटाड्यांनी उतार नसल्याचे सांगितले. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताच त्याने ताडले, की लोकांची ये-जा आहे त्या अर्थी उतार असणारच. स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो नदी उतरला.

६/८
केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, असई गावाजवळ, शिंद्यांच्या पलटणींनी झटपट मोर्चा फिरवून त्याला तोंड दिले. या पलटणींचा सेनानी पोलमन हॅनोव्हरचा होता. तोफांनी कंपनीच्या रांगा उद्ध्वस्त केल्या. इंग्रज फौज पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा मागे वळवून पुन्हा डागल्या. आर्थरचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. विजय त्याचाच झाला, ९८ तोफाही हाती आल्या. पण कंपनीचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५०० हून अधिक सैनिक कामी आले किंवा निकामी झाले.

७/८
३० डिसेंबर १८०३ रोजी शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. आर्थर पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूचा विजेता ठरला आणि १८२९ मध्ये लॉर्ड वॉर्डन होऊन वॉल्मरला येऊ लागला. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया त्याची पाहुणी म्हणून येथे राहिली. आपण सर्वोत्तम लढलो ती लढाई कोणती, असे विचारता त्याने वॉटर्लूचे नव्हे, तर असईचे नाव घेतल्याची नोंद आहे.

८/८
असईला दोन्ही बाजूंनी लढलेले बहुसंख्य सैनिक हिंदीच होते. एकीकडे कंपनीचे शिपाई, दुसरीकडे शिंद्यांचे. त्यांपैकी वॉल्मरला नाव पोहोचले ते एका माणसाचे. त्याची खुर्ची आजही किल्ल्यात आहे. तोफेशेजारी पुन्हा उभे राहिलेल्या गोलंदाजांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. वॉल्मरचा इतिहास वाचताना केळणेचा काठही वाचावा लागतो, तो यासाठी.