शेतकऱ्यांचे चाकर डॉ. कुरियन

बडोद्याहून अहमदाबादेच्या वाटेवर आणंद लागते. बडोदेकर वाचकांस हे स्थानक नवे नाही. १९४९ सालच्या मे महिन्यात या गावी सत्तावीस वर्षांचा एक मलबारी ख्रिस्ती तरुण मोठ्या नाखुषीने दाखल झाला. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेले हे व्हर्गीस कुरियन. त्यांचा ओढा धातुशास्त्राकडे होता. परंतु शिष्यवृत्तीच्या करारामुळे सरकार नेमील तेथे काम करणे भाग होते आणि सरकारने त्यांस येथील दुग्धशाळेवर नेमिले. राहावयास धड घरही मिळेना. एका मोटारखान्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले. करारातून सुटण्याचे दिवस ते मोजीत होते.

शेजारीच खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ धडपडत होता. मुंबईस दूध पुरविण्याचा मक्ता पोल्सन कंपनीकडे असल्याने शेतकऱ्यांच्या पदरी फारसे काही पडत नसे. सरदार पटेलांच्या सल्ल्याने १९४६ साली त्यांनी पंधरा दिवस दूध घातले नाही आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संघ नोंदविला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल जुनी, मोडकी यंत्रे घेऊन कुरियनांकडे येत, आणि तेही वेळ जात नाही म्हणून ती दुरुस्त करून देत. पुढे करारातून मोकळीक मिळाली तेव्हा त्रिभुवनदासांनी नवी यंत्रे बसेपर्यंत राहण्याची गळ घातली. कुरियन राहिले ते कायमचेच!

खरी कसोटी पुढेच होती. हिवाळ्यात म्हशी उन्हाळ्याच्या दुपटीहून अधिक दूध देतात, पण मुंबई तेवढे घेईना. जादा दुधाचे काय करावे? त्याची भुकटी करावी, तर गाईच्या दुधाहून अधिक स्निग्धांश असलेल्या म्हशीच्या दुधाची भुकटी होणेच नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत. हा निर्वाळा खोटा ठरविला तो कुरियनांचे मिशिगनमधील सोबती हरिचंद मेघा दलाया यांनी. रंग फवारण्याचे साधे उपकरण आणि हवा तापविण्याचे यंत्र एवढ्या साधनांनी त्यांनी मुंबईत म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली. कुरियनांच्या गौरवात दलायांचे नाव मागे पडते, याचे आम्हांस वाईट वाटते. दलायांच्या विद्येवाचून कुरियनांचा कारभार आणि त्रिभुवनदासांचा शेतकऱ्यांवरील वचक ही दोन्ही अपुरी पडली असती. १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला, सरदारांच्या जन्मदिनी, पंडित नेहरूंनी नव्या कारखान्याचे उद्घाटन केले. आमच्या कथाकीर्तनांत गोरसाचा महिमा उदंड गाइला जातो. पण खेडा जिल्ह्यातील कुणब्याचे घर सावरले ते पुराणांनी फारसे न गौरविलेल्या म्हशीने, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

१९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदजवळच्या एका खेड्यात रात्रभर मुक्कामास राहिले. तेथील कारभार त्यांनी स्वतः पाहिला आणि असेच संघ देशभर निघावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढील वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. कुरियन त्याचे अध्यक्ष. दिल्लीस न जाता मंडळ आणंदलाच ठेवावे, हा त्यांचा आग्रह सरकारने मानला. १९७० पासूनच्या दुग्धमहापुराची हकीकत सर्वश्रुतच आहे.

गोवधबंदीच्या प्रश्नावर १९६७ साली नेमलेल्या सरकारी समितीत पुरीचे शंकराचार्य, गोळवलकर गुरुजी आणि हे कुरियन एकत्र बसले. कुरियनांचा संपूर्ण बंदीस विरोध होता. निरुपयोगी जनावरे पोसण्याचा भार गरीब शेतकऱ्यावर पडेल, ही त्यांची भूमिका. तरीही गुरुजींशी त्यांचा स्नेह जुळला, असे त्यांनी आत्मकथनात सांगितले आहे. बारा वर्षे होऊनही समितीचा अहवाल निघाला नाही. १९७९ साली ती बरखास्त झाली.

आपण शेतकऱ्यांचे पगारी नोकर आहोत, असे ते नेहमी म्हणत. ते केवळ विनयाने नव्हे. दुधाचा धंदा दूध काढणाऱ्याच्याच मालकीचा राहिला पाहिजे, या मतापायी उतारवयात त्यांचे आपल्याच हाताखाली वाढलेल्या माणसांशी बिनसले आणि २००६ साली त्यांनी गुजरातच्या दूध विक्री महासंघाचे अध्यक्षपद सोडले. कधी कधी हा हट्ट फार ताणला जाई, असे आमचे मत आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी १९७६ साली पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. त्याच्या पटकथेस आपल्या विजय तेंडुलकरांचा हात लागला होता.

९ सप्टेंबर २०१२ रोजी नडियादला कुरियन निवर्तले. त्यांना स्वतःला दूध आवडत नसे. ते पीतही नसत.