कंटिन्युएशन कार म्हणजे काय? आज बनलेली गाडी १९६३ ची 'ओरिजिनल' कशी ठरते?

रील्समध्ये तुम्ही चकाचक जुनी जग्वार पाहिली असेल आणि खाली लिहिलेलं असेल, 'ही गाडी नवीन आहे.' मग ती खरी की नक्कल? आज हेच सोप्या भाषेत समजून घेऊया.

तीन शब्द, तीन अर्थ

- रिस्टोरेशन: जुनीच गाडी दुरुस्त करून मूळ रूपात आणणे.
- रेप्लिका: दुसऱ्याच कोणीतरी बनवलेली हुबेहूब नक्कल.
- कंटिन्युएशन: मूळ कंपनीने स्वतः, जुन्या ड्रॉइंगवरून, थांबलेलं उत्पादन पुढे चालू करून बनवलेली गाडी.

राहिलेल्या नंबरांची गोष्ट

जग्वार २००८ मध्ये आपल्या टाटा मोटर्सने घेतली, म्हणून उदाहरण तिचंच घेतो. १९६३ मध्ये कंपनीने रेससाठी हलकी ई-टाइप बनवायला घेतली. अॅल्युमिनियमच्या बॉडीमुळे ती साध्या ई-टाइपपेक्षा सुमारे ११४ किलोने हलकी होती. चेसिस नंबर १८ राखले, पण गाड्या बनल्या १२ च. उरलेले ६ नंबर तसेच पडून राहिले. २०१४ मध्ये कंपनीने त्याच ६ नंबरांवर गाड्या बनवण्याची घोषणा केली.

एक्सकेएसएसची कथा तर अजून भारी आहे. १२ फेब्रुवारी १९५७ ला ब्राउन्स लेन कारखान्यात आग लागली आणि ९ गाड्या गेल्या. त्या ९ गाड्या पुन्हा बनवण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. डी-टाइप १०० बनवायच्या ठरल्या होत्या, बनल्या ७५. राहिलेल्या २५ चं काम २०१८ मध्ये हाती घेतलं.

नाव कसं देतात?

नवीन नाव देतच नाहीत! नाव जुनंच, पुढे फक्त 'कंटिन्युएशन' जोडतात. सी-टाइपमधला 'सी' म्हणजे कॉम्पिटिशन, तोही तसाच राहतो. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे: आकार कोणीही कॉपी करेल, पण नाव आणि नंबर द्यायचा हक्क मूळ कंपनीचाच.

रेस-रेडी म्हणजे नेमकं काय?

एफआयए ही मोटर रेसिंगची जागतिक संस्था. जुन्या गाड्यांच्या रेससाठी तिचे वेगळे नियम आहेत. हलकी ई-टाइप त्या नियमांत बसेल अशीच बनवली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ८ सी-टाइपमध्ये एफआयएने मान्य केलेल्या सीटबेल्टची सोय दिली. या गाड्या ट्रॅकसाठी असतात, रोजच्या रस्त्यासाठी नाही.

मग लातूर-नांदेडमध्ये हे कशाला माहीत असावं?

मी लातूरचा, आणि आपल्याकडे 'व्हिंटेज ओरिजिनल' म्हणून जुनी बुलेट किंवा येझदी घ्यायची क्रेझ मला चांगली माहीत आहे. नंबर प्लेट एमएच २४ असो की एमएच २६, गाडीची खरी ओळख चेसिस नंबरच. म्हणून व्यवहाराआधी एवढं बघाच:

१. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळतो का?
२. नंबर घासलेला किंवा पुन्हा पंच केलेला वाटला, तर सरळ नाही म्हणा.
३. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकीलाच व्हिंटेज नोंदणी मिळते. प्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोज किंवा धंद्यासाठी वापरता येत नाही.
४. गॅरेजवाल्याने चेसिस कापून 'जुना लूक' दिला, तर गाडी व्हिंटेज होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही.

थोडक्यात काय, तर लूकवर भाळू नका, आधी नंबर तपासा. जुन्या गाडीचे पैसे देणाऱ्या मित्राला ही माहिती नक्की पाठवा!