कथांमधले प्रतिष्ठान

परभणी जिल्ह्यात गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या भागात ती येते, त्याआधी तिच्या काठी पैठण लागते. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. चिनी वीरकथांना लोयांग ही जुनी राजधानी जशी वारंवार लागते (चिन योंग यांच्या कादंबरीतला तलवारबहाद्दर लिंगहू छोंग नायिकेला तिथल्याच एका बांबूच्या गल्लीत भेटतो), तसे प्रतिष्ठान भारतीय कथाकारांना लागत आले आहे.

गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’ची परंपरा इथल्याच सातवाहन राजाच्या दरबाराशी जोडलेली आहे. पैशाची भाषेतला तो मूळ ग्रंथ हरवला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’मुळे त्यातल्या कथा आपल्यापर्यंत आल्या. इसवी सन 800च्या सुमारास कोऊहलाने महाराष्ट्री प्राकृतात ‘लीलावई’ रचली. प्रतिष्ठानचा राजा आणि सिंहलची राजकन्या यांची ही प्रेमकथा असली, तरी तीत सेनापतीची मोहीम आणि जहाज फुटण्याचा प्रसंगही आहे.

खरी वीरकथा मात्र शालिवाहनाची, म्हणजे दंतकथेतल्या सातवाहन राजाची. चौदाव्या शतकात जैन आचार्य जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त ती सविस्तर सांगितली आहे. प्रतिष्ठानात एका कुंभाराच्या घरी आसऱ्याला राहिलेल्या विधवेला शेषनागापासून मुलगा होतो. तो सवंगड्यांत राजा बनून खेळतो आणि त्यांना मातीचे हत्ती-घोडे वाटतो. पुढे उज्जैनच्या चार भावांचा तंटा त्याच्यापुढे येतो. बापाने पुरून ठेवलेल्या चार घड्यांत सोने, काळी माती, भुसा आणि हाडे निघालेली असतात. विक्रम राजाला न सुटलेला हा पेच मुलगा सोडवतो: एकाला सोने, एकाला शेती, एकाला धान्य, एकाला गुरे. हे ऐकून विक्रम चाल करून येतो, तेव्हा शेषाच्या कृपेने मातीची फौज जिवंत होते आणि विक्रम हरतो. कुंभाराच्या चाकाजवळ वाढलेल्या पोराने उज्जैनच्या सम्राटाला हरवावे, यातच या कथेचे सारे बळ आहे. ‘सिंहासन बत्तिशी’तही विक्रमाचा शेवट शालिवाहनाशी झालेल्या लढाईतच होतो. तिची मराठी आवृत्ती 1814 साली सेरामपूरला छापली गेली.

कथेमागचा इतिहास निराळा, पण तितकाच रोमहर्षक आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात कुळातल्या नहपान राजाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप उमटवला होता. पराभूत राजाचे नाणे आपल्या नावाने चालवण्याइतकी स्पष्ट विजयाची खूण दुसरी नाही. ग्रीक लेखकांनाही प्रतिष्ठान ठाऊक होते: ‘पेरिप्लस’ भडोचपासून ते वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचे सांगतो, तर टॉलेमी त्याला राजधानी म्हणतो.

इसवी सन 78पासून मोजल्या जाणाऱ्या शकाला शालिवाहनाचे नाव मागाहून, कित्येक शतकांनी चिकटले. इतिहासापेक्षा कथाच तिथे वरचढ ठरली. आज धर्मकार्याच्या संकल्पात परभणी-पाथरीकडे गोदावरीचा उत्तर तीर उच्चारतात, गंगाखेड-सोनपेठकडे दक्षिण तीर. शक मात्र दोन्ही काठांवर शालिवाहनाचाच.