एक माल, दोन भाव

परभणी जिल्ह्याची काळी जमीन कापसासाठीं प्रसिद्ध आहे. सेलू, मानवत यांसारख्या पेठांत कापसाच्या गाड्या पिढ्यान् पिढ्या येत राहिल्या. परंतु जुन्या व्यवहारांत एकाच शिवारांतल्या, एकाच प्रतीच्या कापसाला एकाच दिवशीं दोन भाव पडणें अशक्य नव्हतें. आणि आपल्याला कमी मिळाला हें ज्याला कमी मिळाला त्यालाहि कळत नसे.

याचें मूळ सौद्याच्या रीतींत होतें. देशांतील अनेक पेठांत अडत्या व खरीददार रुमालाखालीं हात घालून एकमेकांचीं बोटें दाबीत, आणि तेवढ्यांत भाव ठरे. या रीतीस हत्ता म्हणत. मालाचा धनी जवळच उभा असे. पण अडत्या सांगेल तेवढेंच त्याला समजे. पुढें हिशेबांतून कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय अशीं कलमें वजा होत. ज्याच्या डोक्यावर त्याच अडत्याचें कर्ज असे, त्याला दुसऱ्याचें दार ठोठावणेंहि कठीण होतें.

या व्यवहाराला कायद्याचा हात प्रथम शेजारच्या वऱ्हाडांत लागला. तो प्रांत नांवानें निजामाचा, पण कारभारानें इंग्रजांचा होता. तेथें कारंजा गांवीं १८८६ सालीं नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ सालीं कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यामागें केवळ शेतकऱ्याचा कळवळा नव्हता. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी दरानें हवा होता. १९२८ सालीं लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशननें असे बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली. परभणी जिल्हा तेव्हां हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या संस्थानानें १९३० सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. त्याच्या १९६३ च्या कायद्याखालीं बाजार समित्यांच्या देखरेखींत उघड लिलावाची रीत रूढ झाली.

सर्वांना एकच भाव द्या, असें या कायद्यांनीं म्हटलें नाहीं. भाव चारचौघांत बोलला जावा, माप खरें असावें, आणि वजावट ठरलेलीच असावी, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

हाच शेतकरी कापूस विकून कापडाच्या दुकानीं गेला कीं गिऱ्हाईक होई. तेथेंहि दोन भाव असत: एक रोखीचा, दुसरा उधारीचा. जो गरीब, तोच उधारीवर घेणारा. म्हणून महाग भाव बहुधा त्याच्याच वांट्यास येई. असा फरक करण्यास सरसकट मनाई भारतीय कायद्यानें आजहि केलेली नाहीं. ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून दुकानदारानें दोन रुपये कमी घेतले, तर तो गुन्हा होत नाहीं. बाजारावर ज्याची सत्ता चालते अशा बड्या व्यापाऱ्यानें मात्र अन्याय्य भेदभावाचे दर लावूं नयेत, असें २००२ च्या स्पर्धा कायद्यानें सांगितलें.

सामान्य गिऱ्हाइकाचें रक्षण मुख्यतः छापील किंमतीनें केलें. १९७७ च्या नियमांनीं बंद वेष्टनावर किंमत छापणें आवश्यक ठरविलें. तरीहि कांहीं कंपन्या तीच बाटली गल्लींत एका व विमानतळावर दुसऱ्या छापील किंमतीस विकीत. अनुचित व्यापारी प्रथांनीं एकाच मालावर अशा दोन कमाल किंमती छापण्यास १ जानेवारी २०१८ पासून मनाई झाली. त्याच्या थोडेंच आधीं, डिसेंबर २०१७ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें उपाहारगृहांत बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीस छापील किंमतीचें बंधन लागू नाहीं असा निर्णय दिला. कारण तेथें गिऱ्हाईक पाण्याबरोबर जागा व सेवाहि विकत घेतें.

रुमालाखालच्या बोटांपासून वेष्टनावरील आंकड्यापर्यंत कायद्याची वाट एकच आहे. भाव सारखा करण्यापेक्षां तो उजेडांत आणण्यावर त्याचा भर राहिला. पण उजेडांतला आंकडा वाचतां आला पाहिजे, आणि जास्त मागणाऱ्याला विचारण्याचें धैर्यहि पाहिजे. ज्याला हीं दोन्हीं नाहींत, त्याच्यासाठीं रुमाल अजून पुरता दूर झालेला नाहीं.