मंद वाऱ्याचं शीड

मे १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीना डेल रे इथे जिम ड्रेक या विमान-अभियंत्याने फळीवर उभ्याने पेलायचं शीड पहिल्यांदा पाण्यावर नेलं. हॉइल श्वाइट्झरसोबत त्याने घडवलेल्या ‘विंडसर्फर’ला जेमतेम ५.२ चौरस मीटरचं शीड असे आणि तेवढं पुरे. साडेतीन मीटरहून लांब फळी माणसाचं वजन आरामात पेलायची, त्यामुळे वारा पडला तरी ती झुळुकीवर हळूहळू सरकत राही.

जास्तीच्या शिडाची गरज निर्माण केली ती हवाईतल्या आखूड फळ्यांनी. १९८०च्या दशकात त्या जगभर पसरल्या. या फळ्या वेगात असल्या की पाण्यावर तरंगतात, वेग गेला की पायाखाली बुडू लागतात. हवाईत व्यापारी वारे भरवशाचे, तिथे हे खपून गेलं. युरोपातल्या तळ्यांवर मात्र लहान शीड घेऊन काठावर ताटकळायची वेळ आली.

मग मोठं शीड घ्यायचं, पण किती मोठं? वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वारा १२ नॉटवरून १० वर उतरला, तर रेटा सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. ७.५ मीटरच्या शिडाची ही तूट नुसत्या क्षेत्रफळाने भरायची, तर जवळपास ११ मीटरचं शीड लागेल. म्हणून हाताशी असलेल्या शिडापेक्षा अर्धा मीटर मोठं घेऊन मंद वाऱ्यात फारसं काही साधत नाही. शिवाय मोठ्या शिडाला लांब डोलकाठी आणि हातात धरायचा आडवा दांडा, म्हणजे बूम, लांब लागतो, खाली रुंद फळी आणि तिच्या तळाला मोठी फिन लागते. खर्चाचं खरं ओझं तिथे आहे.

हे गणित टोकाला नेलं फॉर्म्युला विंडसर्फिंग या शर्यतप्रकाराने: मीटरभर रुंद फळी, ७० सेंटिमीटरची फिन आणि १२.५ चौरस मीटरपर्यंतचं शीड. विशेष म्हणजे रुंद फळ्यांच्या या प्रयोगांत उतारवयातला ड्रेकही होता.

ऑलिंपिकमध्येही शिडं वाढत गेली. १९९६ ते २००४ या काळातल्या मिस्ट्रल फळीवर ७.४ मीटरचं शीड होतं, २००८पासून आरएस:एक्सवर पुरुषांसाठी ९.५ मीटरचं. एवढं करूनही मंद वाऱ्यात खेळाडूंना शीड सतत हाताने झुलवत वेग मिळवावा लागे. ती शर्यत दंडांचीच परीक्षा होती. 

ही वाढ थांबवली फॉइलने. पाण्याखालचा पंख फळीला वर उचलतो आणि पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये, मार्सेयच्या पाण्यात, पुरुषांच्या आयक्यूफॉइलवर ९ मीटरचं शीड होतं, म्हणजे आरएस:एक्सहून लहानच. हौशी लोक तर पूर्वी नऊ-दहा मीटरचं शीड लागायचं त्या वाऱ्यात आता पाच-सहा मीटरवर भागवतात. मात्र फॉइलचा दांडा जवळजवळ मीटरभर खाली जातो. उथळ पाण्यात किंवा पाणवनस्पतींच्या तळ्यात तो चालत नाही, तिथे मोठ्या शिडाशिवाय अजूनही गत्यंतर नाही.